सहा महिन्यांचं इंजेक्शन, रोजची गोळी आणि खोबरेल तेल: पुरुषांनी पुरुषांसोबत सेक्स करताना एचआयव्ही कसा टाळायचा

सध्या त्या इंजेक्शनच्या बातम्या परत फिरतायत. सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं आणि एचआयव्ही होत नाही म्हणे. व्हॉट्सॲपवर तर "एड्सवर लस आली" असंच फॉरवर्ड होतंय, आणि मग चिपळूण, रत्नागिरी, कणकवलीकडची पोरं विचारतात की हे खरं आहे का, आपल्याकडे मिळतं का, आणि मिळेपर्यंत आम्ही काय करायचं. मला विचाराल तर तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा, कारण एचआयव्ही टाळायची साधनं आजच आपल्या हातात आहेत आणि आपल्यातल्या अर्ध्याअधिक लोकांना त्यातलं फक्त एकच माहितीये, कंडोम. मी डॉक्टर नाही. मी स्वतः गे आहे, कोकणातच राहतो, आणि बरीच वर्षं मित्रांसोबत, मित्रांच्या मित्रांसोबत टेस्टिंगला जातोय. हे सगळं गे, बायसेक्शुअल, लग्न झालेले, स्वतःला कसलंच नाव न लावणारे, अशा सगळ्यांसाठी लिहितोय.

एचआयव्ही शिरतो कुठून

एचआयव्ही हा विषाणू आणि एड्स ही त्यानंतरची अवस्था, म्हणजे उपचार न घेता बरीच वर्षं गेली आणि शरीराची प्रतिकारशक्ती ढासळली की येणारी. दोन्ही एकच समजू नका. हा विषाणू रक्त, वीर्य, वीर्याआधी येणारा चिकट द्रव, गुदद्वाराच्या आतला ओलावा, योनीतला स्राव आणि आईचं दूध यातूनच जातो. थुंकी, घाम, मच्छर, एका ताटात जेवणं, मिठी मारणं, किस करणं यातून जात नाही.

मग पुरुषांमध्ये एवढी चर्चा का? याचा संस्कारांशी किंवा पापपुण्याशी काही संबंध नाही, कारण शरीराच्या रचनेत आहे. गुदाशयाचं आतलं अस्तर पेशींच्या एकाच थराचं असतं, पटकन खरचटतं, आणि एचआयव्हीला ज्या प्रतिकारशक्तीच्या पेशी हव्या असतात त्या त्या अस्तराखालीच दाटीने असतात. योनीच्या अस्तराला अनेक थर असतात. त्यामुळे समोरचा पॉझिटिव्ह आहे, त्याचे उपचार चालू नाहीत आणि कंडोम नाही असं धरलं, तर गुदसंभोगात आत घेणाऱ्याला दहा हजार वेळांमागे साधारण 138 वेळा लागण होते, योनिसंभोगात बाईला साधारण 8 वेळा. हे आकडे अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने वापरलेले आहेत आणि ते सरासरीचे आहेत. लागण होऊन पहिले काही आठवडे रक्तात विषाणू प्रचंड असतो, तेव्हा धोका यापेक्षा बराच जास्त असतो, आणि नेमकं त्याच काळात माणसाला स्वतःला काही माहीत नसतं. ताप येतो, अंग दुखतं, आपण म्हणतो व्हायरल आहे.

आता कोणी म्हणेल 138 म्हणजे दीड टक्कासुद्धा नाही, मग एवढं काय. पण हा एका वेळेचा हिशोब झाला. तोच धोका 50 वेळा घेतला तर लागण होण्याची शक्यता जवळपास 50 टक्क्यांवर जाते, आणि दुसरीकडे पहिल्याच वेळी लागण झालेले लोकही असतात. तोंडाने केलेल्या सेक्समध्ये एचआयव्हीचा धोका खूपच कमी आहे, सिफिलिस आणि गोनोरिया या दुसऱ्या गुप्तरोगांचा मात्र आहे.

"मी तर टॉप आहे, मला काय होणार?"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. टॉपचा (आत घालणाऱ्याचा) धोका बॉटमपेक्षा (आत घेणाऱ्यापेक्षा) कमी आहे हे खरं, दहा हजारामागे साधारण 11. कमी आहे, शून्य नाही. लिंगाच्या टोकाला, मूत्रमार्गाच्या तोंडाशी आणि कातडीच्या आतल्या बाजूला विषाणू शिरू शकतो, आणि तिथे सिफिलिसची जखम असेल (ती दुखत नाही, त्यामुळे कित्येकांना कळतही नाही) तर आणखी सोपं जातं. शिवाय आपल्याकडे बरेच जण बाहेर टॉप म्हणून सांगतात आणि प्रत्यक्षात दोन्ही करतात, कारण बॉटम म्हणवून घ्यायची लाज वाटते. त्याला माझी काही हरकत नाही, ज्याचा त्याचा प्रश्न आहे, फक्त आयसीटीसीतल्या, म्हणजे सरकारी रुग्णालयातल्या एचआयव्ही टेस्टच्या केंद्रातल्या, काउन्सेलरला तरी खरं सांगा, कारण त्यावर सल्ला ठरतो.

कंडोम, आणि आपल्या घरातलं खोबरेल

कंडोम स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात निरोध फुकट मिळतो, आणि एचआयव्हीसोबत बाकीचे गुप्तरोगही बऱ्यापैकी अडवतो. पुरुषांमधल्या अभ्यासांत दर वेळी नीट वापरणाऱ्यांना 70 ते 90 टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळालेलं दिसतं. बाकीचे टक्के कुठे जातात? काही वेळा कंडोम उशिरा घातला म्हणून, काही वेळा निसटला म्हणून, आणि आपल्या भागात एक खास कारण आहे ज्याबद्दल कोणी बोलत नाही.

ते म्हणजे खोबरेल. कोकणात ज्या घरात दुसरं काही नसेल त्या घरात खोबरेलाची बाटली असतेच, बाथरूममध्ये, आरशाखाली, बॅगेत. कोरडं जातं, दुखतं, म्हणून हात तिच्याकडेच जातो. पण साधा कंडोम लॅटेक्सचा म्हणजे रबराचा असतो आणि तेलाने लॅटेक्स खराब होतं. मिनिटाभरातच ते कमजोर व्हायला लागतं, आणि बघून काहीच समजत नाही, कंडोम चकचकीत आणि चांगलाच दिसतो, नंतर ताण आला की फाटतो. खात्री करायची असेल तर एक निरोध फुगवा, गाठ मारा, बोटावर खोबरेल घेऊन एकाच जागी चोळत राहा आणि काय होतं ते बघा. व्हॅसलीन, बॉडी लोशन, बेबी ऑइल, तूप सगळ्याचं तेच. एक कंडोम घातला, तेल लावलं आणि "आपण तर सेफ केलं" असं समजून निर्धास्त राहिलेला माणूस मला सगळ्यात जास्त धोक्यात वाटतो, कारण तो टेस्टलाही जात नाही.

त्यासाठी पाण्याचं किंवा सिलिकॉनचं जेल घ्या. मेडिकलमध्ये ल्युब म्हणून मिळतं, गावच्या मेडिकलमध्ये मागायला लाज वाटत असेल तर ऑनलाइन मागवा, साध्या बॉक्समध्ये येतं. थुंकी लवकर सुकते, तिच्यावर भागवू नका. एकावर एक दोन कंडोम घालू नका, घासून दोन्ही फाटतात.

प्रेप आणि पेप, दोन वेगळ्या गोष्टी

नावं सारखी असल्याने लोक गोंधळतात. आपण मे महिन्यात घराची कौलं परतून घेतो, पाऊस यायच्या आधी. ते प्रेप. आणि जुलैमध्ये रात्री अचानक गळायला लागलं की तशाच अंधारात वर चढून ताडपत्री टाकतो, ते पेप. ताडपत्रीने काम भागतं, पण ती लगेच टाकावी लागते आणि दरवेळी तिच्या भरवशावर पावसाळा काढायचा नसतो.

प्रेप म्हणजे एचआयव्ही नसलेल्या माणसाने तो होऊ नये म्हणून आधीच घ्यायचं औषध. गोळीत टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन अशी दोन औषधं असतात. ती शरीरात असतील तर विषाणू आत आला तरी त्याला आपल्या प्रती काढता येत नाहीत आणि तो तिथेच संपतो. अमेरिकेत 2012 मध्ये मान्यता मिळाली, आपल्या नॅकोने, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, 2022 मध्ये प्रेपची मार्गदर्शक सूचना काढली, आणि ही गोळी भारतातच बनते. नियमित घेतली तर सेक्समधून होणारी लागण साधारण 99 टक्के टळते. गोळी डबीत ठेवून टळत नाही, हे वेगळं सांगायला नको.

घ्यायच्या दोन पद्धती आहेत. एक, रोज एक गोळी. दुसरी, ज्यांचा सेक्स कधीतरी असतो आणि आधी माहीत असतो त्यांच्यासाठी, म्हणजे मुंबईहून कोणी शिमग्याला येणार आहे, किंवा महिन्यातून एकदा रत्नागिरीला रूम बुक करायची ठरलीये. सेक्सच्या 2 ते 24 तास आधी एकदम 2 गोळ्या, मग त्या 2 गोळ्या घेतल्या त्या वेळेपासून 24 तासांनी 1 आणि 48 तासांनी 1. चार गोळ्या. सेक्स पुढचे दिवस चालूच राहिला तर रोज एक गोळी चालू ठेवायची, शेवटच्या सेक्सनंतर दोन दिवस होईपर्यंत. या पद्धतीला जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये मान्यता दिली. ही पुरुषांसाठीच आहे. ट्रान्स स्त्रिया ज्या हार्मोन घेतात त्यांनी रोजचीच घ्यावी, आणि हेपटायटिस बी असेल तर अशी मधेमधे घेऊन सोडायची नाही, कारण हीच औषधं त्या विषाणूवरही चालतात आणि सोडली की यकृताला सूज येऊ शकते.

म्हणून मित्राच्या डबीतून उसन्या घेऊन सुरू करू नका प्लीज. आधी एचआयव्ही टेस्ट, हेपटायटिस बी टेस्ट आणि किडनीसाठी क्रिएटिनिन एवढं झालं पाहिजे, आणि पुढे दर तीन महिन्यांनी एचआयव्ही टेस्ट. आधीच लागण झालेली असताना प्रेप घेतली तर ती दोन औषधं पुरत नाहीत आणि विषाणू त्यांना सरावतो, मग उपचार अवघड जातात. सुरुवातीला काहींना मळमळ, डोकेदुखी होते, बहुतेकांची काही दिवसात जाते.

पेप म्हणजे घडून गेल्यावर. कंडोम फाटला, दारूच्या नशेत घातलाच नाही, कोणी जबरदस्ती केली. तर 72 तासांच्या आत औषध सुरू व्हायला हवं आणि 28 दिवस न चुकता घ्यायला हवं. 72 तास ही शेवटची हद्द आहे, जितकं लवकर तितकं चांगलं, शनिवारी रात्री घडलं तर सोमवारची ओपीडी उघडायची वाट बघू नका, रविवारी कॅज्युअल्टीत जा. सरकारी मोठ्या रुग्णालयात ही औषधं असतात, कारण सुई टोचलेल्या नर्स आणि डॉक्टरांना ती द्यावी लागतात. तुम्हाला तिथे टोलवाटोलवी झाली तर वाद घालण्यात तास घालवू नका, खासगी एमडी फिजिशियनकडून लिहून घ्या. 1097 हा नॅकोचा फुकटचा हेल्पलाइन नंबर आहे, कुठे जायचं ते विचारा. आत्ता मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा, नावाच्या जागी काहीही लिहा.

मग ते सहा महिन्यांचं इंजेक्शन?

ते खरं आहे. औषधाचं नाव लेनाकापाव्हिर. ती लस नाही. लस शरीराला विषाणू ओळखायला शिकवते, हे औषध स्वतःच सहा महिने पोटाच्या कातडीखाली साठून राहतं आणि हळूहळू रक्तात उतरतं. म्हणजे ही प्रेपच आहे, फक्त रोज आठवण ठेवायची नाही आणि घरात लपवायला डबी नाही. आपल्याकडे एकत्र कुटुंबात, आई रोज कपाट आवरते अशा घरात, ही दुसरी गोष्ट किती मोठी आहे हे शहरात एकट्याने राहणाऱ्यांना पटकन नाही कळायचं.

गे आणि बायसेक्शुअल पुरुष, ट्रान्स लोक यांच्यात झालेल्या मोठ्या चाचणीत हे इंजेक्शन घेतलेल्या 2179 जणांपैकी फक्त दोघांना लागण झाली. आफ्रिकेतल्या तरुण मुलींच्या आणि बायकांच्या चाचणीत तर 2134 पैकी एकालाही नाही. जून 2025 मध्ये अमेरिकेने मान्यता दिली, जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली. अमेरिकेतली किंमत आपल्या आवाक्याबाहेरची आहे, पण मूळ कंपनीने सहा कंपन्यांना स्वस्त आवृत्ती बनवायचं लायसन्स दिलंय. त्यात हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो आहेत, आपल्या पुण्याची एमक्युअर पण आहे. पहिल्या दोघांनी 2027 पासून गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी वर्षाला 40 डॉलरच्या आसपास किंमत ठेवायचं जाहीर केलंय. तोपर्यंत गोळी आहे. त्याची वाट बघत आत्ताचा धोका घेत राहण्यात काही अर्थ नाही.

"गोळ्या दिल्या की ही माणसं मोकाटच सुटतील"

हा आक्षेप घरचेच नाही, कधीकधी डॉक्टरही घेतात. एक गोष्ट मान्य करतो, प्रेप सुरू केल्यावर काही जणांचा कंडोम कमी होतो, हे अभ्यासांतही दिसलंय, आणि प्रेप सिफिलिस, गोनोरिया, क्लॅमिडिया अडवत नाही. पण म्हणून प्रेप द्यायचीच नाही याचा अर्थ असा होतो की जो माणूस आधीपासूनच कंडोमशिवाय करतोय त्याला आपण एचआयव्हीच्या तोंडी देतोय, बाकी काही बदलत नाही. उलट प्रेपवरचा माणूस दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो, सिफिलिस सापडला तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो, पुढे पसरवत नाही. हेपटायटिस बीची लस नसेल घेतली तर तीही घेऊन टाका.

आणि "बंदच करा ना हे सगळं" म्हणणाऱ्यांना काय सांगणार. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने कलम 377 मधून आपल्याला बाहेर काढलं, दोन प्रौढांनी मर्जीने केलेला सेक्स गुन्हा नाही. त्याआधी तो गुन्हा होता तेव्हाही बंद झाला नव्हता, फक्त अंधारात आणि घाईत होत होता. घाईत कंडोम राहतो.

"तो म्हणाला मी निगेटिव्ह आहे"

खोटं बोलला असेल असं मी म्हणत नाही, बहुतेक जण खरंच तसं समजत असतात. प्रश्न हा आहे की टेस्ट कधीची, आणि त्यानंतर काय काय झालं. लागण झाल्यापासून टेस्टमध्ये दिसेपर्यंत मधे काळ जातो, त्याला विंडो पीरियड म्हणतात. लॅबमधल्या नव्या पद्धतीच्या टेस्टला बहुतेक वेळा 18 ते 45 दिवस लागतात, बोटातून थेंब घेऊन करतात त्या साध्या टेस्टला तीन महिन्यांपर्यंत. म्हणजे परवा रिस्क घेतली आणि आज निगेटिव्ह आलं, तर तो रिपोर्ट परवाबद्दल काहीच सांगत नाही. चेहऱ्यावरून, तब्येतीवरून, जिमवरून, चांगल्या घरचा आहे यावरून तर काहीच नाही. देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण 0.2 टक्के आहे, पुरुषांशी सेक्स करणाऱ्या पुरुषांमध्ये सरकारच्या पाहणीत ते 3 टक्क्यांच्या वर आलंय. म्हणजे शंभरातले 96-97 जण निगेटिव्हच आहेत, आणि तरी प्रमाण पंधरापट आहे. दोन्ही लक्षात ठेवा, एक घाबरून जाऊ नये म्हणून आणि एक गाफील राहू नये म्हणून.

टेस्ट फुकट होते. जिल्हा रुग्णालयात आणि बहुतेक उपजिल्हा, ग्रामीण रुग्णालयांत आयसीटीसी म्हणून खोली असते, समुपदेशन आणि चाचणी केंद्र. आत टेबल, खुर्च्या, भिंतीवर लाल रिबनची पोस्टरं, काउन्सेलर नाव, वय, का आलात ते विचारतो, समजावतो, संमतीची सही घेतो, मग रक्त. रिपोर्ट बहुतेक वेळा त्याच दिवशी. एका किटवर पॉझिटिव्ह दिसलं तर लगेच ठरवत नाहीत, वेगवेगळ्या तीन किटवर तपासून मगच सांगतात.

अडचण टेस्टची नाहीच, अडचण बाकावर बसायची आहे. छोट्या गावात शिपाई ओळखीचा, नर्स मावशीच्या शेजारची. मला याचं खूप वाईट वाटतं, कारण फक्त एवढ्याच कारणाने माणसं पाच-पाच वर्षं जात नाहीत. तर दुसऱ्या तालुक्यात जा, सावंतवाडीवाल्याने कणकवलीत, दापोलीवाल्याने चिपळूणकडे, पत्ता बघून हाकलत नाहीत. मुंबईत कामाला असाल तर तिथे करा, तिथे हमसफर ट्रस्टसारखी 1994 पासूनची संस्था आहे जिथे समोर बसलेला माणूस आपल्यातलाच असतो. आणि 2017 चा एचआयव्ही कायदा तुमच्या बाजूने आहे: संमतीशिवाय टेस्ट नाही, रिपोर्ट दुसऱ्या कोणाला सांगायचा नाही, पॉझिटिव्ह आहे म्हणून नोकरीवरून काढायचं नाही. अपवाद मोजके आहेत. जोडीदाराला थेट धोका आहे आणि तुम्ही सांगणारच नाही असं दिसलं, तर डॉक्टर किंवा काउन्सेलर तुम्हाला आधी कल्पना देऊन जोडीदाराला सांगू शकतो.

लग्न झालंय त्यांनी

आपल्याकडे लग्न होतंच, तिशीच्या आत, मुलाला काय हवं ते न विचारता. त्यावर इथे भाषण देत नाही. पण बायकोला यातलं काही माहीत नसतं, तिने कोणतीही रिस्क निवडलेली नसते, आणि घरात कंडोम काढायचा तर ती विचारणार का म्हणून. या पेचात अडकलेल्या नवऱ्यासाठी प्रेप आणि तीन महिन्यांची टेस्ट हा सगळ्यात सरळ मार्ग आहे, कारण एचआयव्हीपासून बाहेर तुम्ही सुरक्षित तर घरात ती सुरक्षित. मूल हवं असेल तर त्याआधी एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही तपासून घ्या. तिचीही गरोदरपणात तपासणी होते, आणि तुमचा रिपोर्ट तिच्या रिपोर्टवरून कळावा अशी वेळ येऊ देऊ नका.

आणि पॉझिटिव्ह आलं तर

तर गोळी सुरू करायची, शक्य तितक्या लवकर. 2004 पासून सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, औषध फुकट आहे, आणि 2017 पासून सीडी4 (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) कितीही असो, निदान झालं की उपचार सुरू असं धोरण आहे. बहुतेकांना दिवसाला एक गोळी. नियमित घेतली तर साधारण सहा महिन्यांत रक्तातला विषाणू इतका कमी होतो की टेस्टमध्ये सापडत नाही. आणि अशा माणसाकडून सेक्समधून कोणालाही लागण होत नाही. हे माझं म्हणणं नाही, 2019 मध्ये युरोपातल्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला, त्यात एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशी गे जोडपी होती, कंडोमशिवाय सुमारे 76 हजार वेळा सेक्स झाला आणि पॉझिटिव्ह जोडीदाराकडून एकही लागण झाली नाही. म्हणजे "मी पॉझिटिव्ह आहे, गोळी चालू आहे, व्हायरल लोड सापडत नाही" असं तोंडावर सांगणारा माणूस तुम्हाला एचआयव्ही देऊ शकत नाही, आणि "मी निगेटिव्ह आहे, टेस्ट? दोन वर्षं झाली असतील" म्हणणारा देऊ शकतो. आपण नेमकं पहिल्याला ब्लॉक करतो.

आता व्यवहाराचं. स्थिर झाल्यावर दर महिन्याला खेप मारावी लागतेच असं नाही, एकावेळी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देतात. बोटीवर खलाशी असाल, आंब्याच्या सीझनला बागेत अडकणार असाल तर तसं आधी सांगा आणि जास्तीच्या घेऊन ठेवा. मुंबई-पुण्याला नोकरी लागली तर केंद्र बदलून मिळतं, इथून ट्रान्सफर लिहून घ्यायचं आणि तिथे जाऊन नाव लावायचं, नवीन जागी जाईपर्यंत हातात निदान महिन्याभराच्या गोळ्या आहेत ना एवढं बघा.